बिडी सुटली आणि गोळी जड झाली

“ताई, बिडी सुटल्यावर माणूस सुधारायला हवा ना? हे तर दिवसभर झोपूनच. गोळी बंद करू का?” रत्नागिरीकडच्या एका खलाशाच्या बायकोचा हा प्रश्न. असंच विचारणारे बरेच भेटतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

नवरा स्किझोफ्रेनियासाठी क्लोझापिन घेतो, तब्येत स्थिर होती. बोटीवर रात्रभर कोरा चहा आणि बिड्या. जूनमध्ये मासेमारी बंदी लागली, घरी आला आणि मुलीच्या हट्टापायी बिडी एकदम टाकली. आठवड्याभरात तोंडातून लाळ, अडखळती जीभ, हलवूनही न मोडणारी झोप. गोळी मात्र तीच, तेवढीच.

क्लोझापिनचं विघटन यकृतातलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम करतं. बिडी-सिगरेटच्या धुरातली रसायनं त्याचा वेग वाढवतात. त्यामुळे ओढणाऱ्याच्या रक्तात औषध कमी उरतं आणि डोसही त्याच बेताने ठरलेला असतो. धूर थांबला की काही दिवसांत एन्झाइम मंदावतं. औषधाची पातळी दीडपट किंवा त्याहूनही वर जाऊ शकते, फार चढली तर फिटचे झटकेही येऊ शकतात. ओलान्झापिन या याच आजारावरच्या दुसऱ्या औषधाचंही असंच होतं. त्यात कॅफिन याच एन्झाइमवर अवलंबून, म्हणून भरपूर चहा-कॉफीने क्लोझापिन आणखी थोडं साचतं.

गोळी परस्पर बंद करू नका, हे मी तिला दोनदा सांगितलं. आजार जोरात उलटतो, आणि क्लोझापिनमध्ये ४८ तासांहून जास्त खंड पडला तर पुन्हा अगदी लहान डोसपासून चढावं लागतं. त्याच दिवशी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी तपासून डोस कमी केला.

मला खरी धास्ती ऑगस्टची होती. बोटीवर पुन्हा बिडी पेटली तर हाच कमी डोस अपुरा पडून आजारातले भासाचे आवाज परत ऐकू येऊ शकतात. म्हणून दोघांना बजावलं: बिडी सुटो वा लागो, आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

चहा-कॉफीचा असाच घोळ लिथियममध्येही होतो. मूड स्थिर ठेवणारं हे औषध घेणाऱ्यांनी चहा-कॉफी एकाएकी तोडू नये. कॅफिनमुळे लिथियम लघवीवाटे जास्त जातं. चहा थांबला की पातळी चढते, उन्हाळ्यात घामाने अंगातलं पाणी कमी झालं तर अजूनच.

जाता जाता तिने विचारलं, बिडीऐवजी मिश्री लावली तर? मिश्रीत निकोटीन आहे, पण हा परिणाम निकोटीनचा नसून धुराचा. डोस त्याने सहसा बिघडत नाही. तरी मी नकोच म्हटलं; तोंडाचा कॅन्सर तिनेही होतो.