जुनी गाडी घेतली, आता आधी काय बदलू?

प्रश्न : सर, मी अमळनेरचा, जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. मागच्या महिन्यात जळगावहून २०१३ ची डिझायर डिझेल घेतली, मीटरवर १,६८,००० किमी आहे. देणारा म्हणाला गाडी भारी शे, एक रुपयाचं काम नही. गल्लीतला मेकॅनिक म्हणतो चालू गाडीला हात लावू नका, काम काढलं की वाढतं. मेहुणा म्हणतो सगळंच बदलून टाका. आईला दर महिन्याला दवाखान्यासाठी कन्नड घाटातून संभाजीनगरला न्यावं लागतं, आणि आता एप्रिल-मे तोंडावर आलेत. सर्व्हिसचं एकही बिल मिळालं नाही. हातात तीसेक हजार आहेत, त्यात सीट कव्हर आणि टचस्क्रीन पण टाकायचा विचार होता. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सर, सीट कव्हर आणि टचस्क्रीन दिवाळीला बघा. मे महिना, कन्नडचा घाट आणि मागच्या सीटवर आई, एवढं वाचल्यावर हे तीस हजार कुठे घालायचे ते माझ्या डोक्यात लगेच ठरलं.

मेकॅनिकचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. इंजिन नीट चालतंय तर ते उगाच खोलू नये, खरंय. पण पाणी, ऑइल, ब्रेक ऑइल आणि रबर यांना तो नियम लागत नाही, कारण या वस्तू गाडी चालू असतानाच आतल्या आत संपत असतात आणि बाहेरून काही कळत नाही. आणि आपल्या खान्देशात तर मी हे ठामपणे सांगेन की गाडी मीटरच्या आकड्याने कमी आणि रबराने जास्त म्हातारी होते. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त, आणि असे दहा-बारा उन्हाळे रेडिएटरच्या त्या रबरी होज पाईपांनी, बेल्टने, सीलांनी आणि टायरने काढलेत. १,६८,००० किमी हायवेला चाललेली गाडी मला घाबरवत नाही, दहा वर्षांचा मूळ होज पाईप घाबरवतो.

हे मी स्वतः भोगलंय म्हणून सांगतो. माझी पहिली जुनी गाडी घेतली त्याच दिवशी ऑइल बदललं, पॉलिश मारून घेतलं, आणि रेडिएटरचा वरचा पाईप चांगला दिसतोय म्हणून तसाच ठेवला. मे महिन्यात कन्नड घाटात दुपारी एक वाजता तो पाईप क्लिपजवळ फाटला. तापमानाचा काटा वर चढताना मला दिसला, पण वर सावलीत जाऊन थांबू असं म्हणून मी अजून चार-पाच मिनिटं गाडी ओढली. तेवढ्यात हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकलं. बायको आणि दोन लहान मुलं रस्त्याच्या कडेला त्या उन्हात दोन तास उभी होती, पैसे गेले ते गेले पण ते दोन तास अजून डोक्यातून जात नाहीत. पाईपची किंमत शेकड्यात होती, हेडचं काम हजारोंत गेलं.

म्हणून तुमचा क्रम असा ठेवा, आधी पाणी, मग ब्रेक, मग टायर, मग ऑइल. बहुतेक लोक ऑइलपासून सुरू करतात आणि तिथेच थांबतात. ऑइल बदलायचंच आहे, पण ऑइल महिनाभर लांबलं तर इंजिन सहन करतं, फाटलेला पाईप तुम्हाला पाच मिनिटं पण देत नाही.

पाण्याचं काम म्हणजे नुसतं कुलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी) टाकणं नाही. सकाळी गाडी थंड असताना (गरम असताना झाकण अजिबात उघडायचं नाही, आत प्रेशर असतं, तोंडावर उडतं) कुलंट कसं दिसतं ते बघा. गंजाच्या रंगाचं असेल तर आधीच्या मालकाने बोअरचं पाणी भरलंय असं समजा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, चहाच्या पातेल्यात जो पांढरा थर बसतो तोच थर रेडिएटरच्या नळ्यांमध्ये बसतो. तेलकट तवंग किंवा दुधाळ रंग दिसला तर मात्र थांबा, हेड गॅस्केट (हेडखालचं सील) चेक केल्याशिवाय पुढे एक रुपया घालू नका. नाहीतर सिस्टीम फ्लश करून, डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट निम्मं निम्मं, किंवा सरळ तयार मिक्स आलेलं भरा. वेगवेगळ्या जातीची कुलंट एकत्र करू नका, काही वेळा त्याचा गाळ होतो. आणि उरलेला डबा मुलांपासून, कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा, ते चवीला गोड लागतं पण विष असतं.

त्याच दिवशी वरचा, खालचा आणि हीटरचे सगळे होज पाईप क्लिपांसकट नवे टाका, दाबून बघत बसू नका. फॅन बेल्ट नवा. रेडिएटरचं झाकण नवं, कारण त्याचं रबर गेलं की प्रेशर धरत नाही आणि प्रेशर नसलं की पाणी लवकर उकळतं, एवढंसं झाकण पण घाटात फार मोठं काम करतं. वॉटर पंपखाली ओल किंवा वाळलेला डाग दिसतो का ते बघायला सांगा. एसी लावून रेडिएटरचा फॅन फिरतो का ते स्वतः बघा. आणि एसीच्या जाळीच्या आणि रेडिएटरच्या मधली फट टॉर्च मारून बघा, आपल्याकडे कापसाच्या सीझनमध्ये रस्त्यावर कापूस उडत असतो, तो धुळीबरोबर तिथे गादीसारखा बसतो आणि हवाच जात नाही. साध्या पाईपने हळू पाण्याने धुवा, सर्व्हिसिंगचं प्रेशर मारलं तर पत्र्याच्या पात्या वाकतात.

ब्रेकमध्ये ब्रेक ऑइल पूर्ण बदलून घ्या, वरून टॉप-अप नको. ते ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवीन डॉट ४ ऑइल २३० डिग्रीच्या आधी उकळत नाही, पण ओलावा खाल्लेलं १५५ च्या आसपास उकळू शकतं, आणि घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की तेवढी उष्णता तयार होते, मग पेडल स्पंजासारखं खाली जातं. त्या क्षणी हातात काही राहत नाही. दोन वर्षांनी एकदा बदलायचंच. पुढचे पॅड सगळे बघतात, तुम्ही मागचे ड्रम पण उघडायला लावा, कित्येक जुन्या गाड्यांचे मागचे ड्रम वर्षानुवर्षं कोणी उघडलेले नसतात आणि आत व्हील सिलेंडर (ब्रेक ऑइलच्या जोराने ब्रेक दाबणारा भाग) गळत असतो. आणि घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका.

आता इंजिन. तुमच्या डिझायरला टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्वचा मेळ राखणारा पट्टा) नाही, त्याजागी चेन आहे, म्हणजे ठरावीक किमीला बदलायचा खर्च नाही. पण चेन ऑइलवर जगते. सकाळी थंड स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड आवाज आला तर चेन आणि टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) दाखवून घ्या. ऑइल आणि फिल्टर आता बदला, आणि मागचा इतिहास माहीत नाही म्हणून पुढचं ऑइल ४,००० किमीलाच काढा, पहिलं ऑइल आतला मळ धुऊन आणतं. इंजिन आतून धुणारं बाटलीतलं इंजिन फ्लश मात्र घालू नका. इतक्या वर्षांचा चिकटलेला गाळ एकदम सुटून ऑइलच्या गाळणीत अडकला तर ऑइल वर चढतच नाही, मग टर्बो (इंजिनात हवा जोराने ढकलणारा भाग) पहिला जातो. डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर नवे टाका. गिअर ऑइल पण बदला, आणि मेकॅनिकला सांगा की आधी भरायचा बोल्ट उघड मग काढायचा, कारण वरचा बोल्ट गंजून बसला असेल आणि खालून सगळं ऑइल आधीच काढलं असेल तर गाडी तिथेच अडकते.

माझ्या अंदाजाने टायर सोडून हे सगळं वीस-पंचवीस हजारांत बसतं, उरलेल्यात बॅटरी चेक करून घ्या. बंद गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर उन्हाळा काढेल याची खात्री नाही. टायर जुने निघाले (वय कसं बघायचं ते खाली शेवटच्या उत्तरात आहे) तर मात्र तीस हजार पुरणार नाहीत. मग गिअर ऑइल दोन महिने पुढे ढकला, टायर ढकलू नका. आणि एक शंभर पानी वही डॅशबोर्डच्या खणात ठेवा. काय बदललं, कधी, किती किमीला, बिल चिकटवून. गाडीचा मागचा इतिहास मिळाला नाही, पुढचा तरी तुमच्या अक्षरात राहील. आईंना घेऊन जाल तेव्हा पहाटे निघा, म्हणजे उन्हं चढायच्या आत घाट पार होईल.

प्रश्न : दादा, भुसावळहून लिहितोय. जुनी वॅगन आर घेतली. इथला मिस्तरी म्हणतो आपल्याकडच्या उन्हात थर्मोस्टॅट व्हॉल्व काढूनच टाक, पाणी मोकळं फिरेल, गाडी तापणार नाही. काढू का?

उत्तर : नका काढू भाऊ. हा सल्ला आपल्या भागात घरोघरी दिला जातो आणि देणारे मनाने चांगले असतात, पण त्याने नुकसान होतं. थर्मोस्टॅट म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचा आपोआप उघडणारा दरवाजा, तो साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो, म्हणजे गरम झाल्यावर तो तसाही मोकळाच असतो. तो काढला की हायवेला आणि थंडीत इंजिन पुरेसं गरमच होत नाही. सेन्सरला वाटतं इंजिन अजून थंड आहे, म्हणून पेट्रोल जास्त सोडलं जातं, ॲव्हरेज पडतं, जास्तीचं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं आणि घासण वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटच बायपासचा रस्ता बंद करत असतो, तो नसला की गरम पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. जुना अडकत असेल तर नवा टाका. आणि तापायचं खरं कारण शोधा, बंद पडलेला फॅन, चोक झालेला रेडिएटर, गेलेलं झाकण, बहुतेक वेळा यातलंच काहीतरी निघतं.

प्रश्न : मी चाळीसगावची, स्वतःचं बुटीक आहे, मालासाठी सुरतेला येणं-जाणं असतं. २०१४ ची डस्टर डिझेल घेतली, ९५,००० किमी. आधीचा मालक शपथेवर सांगतो की टायमिंग बेल्ट बदललाय, बिल हरवलं. विश्वास ठेवू का?

उत्तर : ताई, माणूस खरं बोलत असेलही, पण या एका बाबतीत बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरा. त्या १.५ लिटर डिझेल इंजिनाला बेल्ट आहे, आणि बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन वर येऊन व्हॉल्वला धडकतात, व्हॉल्व वाकतात आणि पूर्ण हेड उतरवावं लागतं. आधी कुठलीच सूचना मिळत नाही. सुरतेच्या वाटेवर कोंडाईबारी घाटात मागे ट्रकची रांग असताना इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेक कडक होतो. तो धोका घेऊ नका.

नुसता बेल्ट नको, टेन्शनर, आयडलर (बेल्टला वाट देणारी चकती) आणि वॉटर पंप सगळं एकदम. त्या इंजिनात पंप त्याच बेल्टवर फिरतो, म्हणजे सहा महिन्यांनी पंप गळला तर मजुरी पुन्हा तेवढीच. हे काम ज्याने हे इंजिन आधी केलंय त्याच्याकडेच द्या, टायमिंग लॉक करायची पिन त्याच्याकडे आहे का असं सरळ विचारा, खुणा मारून अंदाजाने करतो म्हणाला तर दुसरीकडे जा. काढलेला बेल्ट मागून घ्या, आणि नव्या बेल्टचं किमी-तारीख लिहिलेलं स्टिकर बॉनेटखाली लावून घ्या. बेल्टची मुदत किमीत पण असते आणि वर्षात पण, जे आधी येईल ते.

प्रश्न : शिरपूर. जुन्या पेट्रोल गाडीत २०डब्ल्यू-५० जाड ऑइल टाकलं तर इंजिन टिकतं म्हणतात, खरं का?

उत्तर : आजकालच्या बारीक वाटांच्या इंजिनांत नाही. सकाळी जाड ऑइल वर चढायला वेळ लागतो आणि सगळ्यात जास्त घासण त्याच वेळात होते. मॅन्युअलमध्ये लिहिलेली ग्रेडच टाका. ऑइल खात असेल तर दर हजार किमीला ऑइलची काठी काढून लेव्हल बघा आणि पीसीव्ही व्हॉल्व (इंजिनातली वाफ परत आत ओढू देणारा) बदलून बघा, स्वस्त वस्तू आहे, कधी कधी तेवढ्यानेच थांबतं. निळा धूर येतच राहिला तर व्हॉल्व सील किंवा रिंगा, ते जाड ऑइलने झाकू नका.

प्रश्न : नंदुरबारहून. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी असं पंक्चरवाला सांगतो. गाडी नवीनच घेतली, म्हणजे जुनीच पण आमच्यासाठी नवीन.

उत्तर : अगदी उलट आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजू जास्त दुमडतात, दुमडून दुमडून आतून तापतात आणि तेच टायर हायवेला फुटतात. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आकडा असतो, तेवढीच हवा, सकाळी गाडी न चालवता भरायची. दुपारी गरम टायरमध्ये आकडा वाढलेला दिसेल, तो तसाच राहू द्या, सोडू नका.

आणि टायरचं वय बघा, जुन्या गाडीत हे पहिल्या दिवशी करायचं काम आहे. टायरच्या बाजूला DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, २३१७ असेल तर २०१७ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसो, सहा वर्षांच्या पुढचं टायर मी आपल्या उन्हात लांबच्या प्रवासाला वापरणार नाही. नक्षी १.६ मिमी उरली की कायद्याने पण संपलं, नक्षी झिजून खाचेतल्या छोट्या उंचवट्याच्या बरोबरीला आली की समजायचं. हे बघायला वाकाल तेव्हा स्टेपनी पण काढून बघा, तिची हवा, तिचं साल, आणि जॅक-पाना खरंच डिकीत आहे का ते.