बास्केटबॉल संघाच्या यशात कोचचा वाटा किती टक्के असतो?

आकडा सांगणारे मोप भेटतील, मी सांगणार नाही. शालेय स्पर्धांत मी टेबलावर बसून स्कोअरशीट भरतो. कोचने काय शिकवलं आणि काय शिकवलं नाही, ते त्या कागदावर उमटतं. तेवढं सांगतो.

लातूरला 17 वर्षांखालील मुलांची एक मॅच. एका संघात सहा फुटांची दोन पोरं, दुसऱ्या संघात सगळी बुटकी. चौथ्या, म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांच्या क्वार्टरची तीन मिनिटं झाली तेव्हा उंचवाले 9 गुणांनी पुढे. बाहेर फटाक्यांची तयारी. शीटवर मात्र वेगळंच दिसत होतं. दोघांपैकी चांगल्या पोराच्या नावापुढे हाफ-टाइमलाच तीन फाउल होते, तिसऱ्या क्वार्टरमध्ये चौथा पडला, तरी कोचने त्याला बसवलं नाही. पहिल्या क्वार्टरला दोन पडले की पोराला बेंचवर घ्यायचं आणि शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखायचं, हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण कोच म्हणवणाऱ्याला कळायला पाहिजे. पाचव्याला पोरगं बाहेर, आणि परत आत घेता येत नाही.

बुटक्यांच्या कोचने ते मोजून ठेवलं होतं. त्याने आपल्या गार्डला, म्हणजे बॉल पुढे नेणाऱ्या पोराला बोलावून बोटाने तो पोरगा दाखवला, बस. गार्ड बॉल घेऊन सरळ त्याच्या अंगावर गेला. पोराचे पाय जागेवरच, हात तेवढा पुढे आला. शिट्टी. त्याचा पाचवा आणि क्वार्टरमधला संघाचाही पाचवा, एकाच फटक्यात. तिथून पुढे त्यांच्या प्रत्येक फाउलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो, म्हणजे रेषेवरून कुणी न अडवता मारायचे एकेका गुणाचे शॉट. उरलेल्या सात मिनिटांत बुटक्यांना 14 मिळाले, त्यातले 10 रिंगमध्ये गेले. वर दोन बास्केट, म्हणजे आणखी चार गुण. उंचवाल्यांना तेवढ्या वेळात तीन गुण. उंचवाल्यांची मॅच दोन गुणांनी गेली.

आता यात कोच कुठे? आधी पाय बघा. हात जातो तो पाय सरकत नाहीत म्हणून. त्यावर साधा उपाय: स्वतःचं मनगट पाठीमागे धरायचं, गुडघे वाकवायचे आणि समोरच्या ड्रिबल करणाऱ्यासोबत रिंगमागच्या एंड लाइनपासून मध्यरेषेपर्यंत नागमोडी सरकत जायचं. रोज दहा मिनिटं. कंटाळवाणं आहे, पोरं कुरकुरतात, म्हणून बहुतेक ठिकाणी पहिल्याच आठवड्यात बंद पडतं.

फ्री थ्रोचंही तेच. त्या बुटक्या संघातला जो पोरगा रेषेवर यायचा, तो दोनदा टप्पा, एक श्वास, कोपर रिंगच्या रेषेत, मग बॉल. सगळे अगदी सारखे. पाच सेकंद मिळतात, तेवढ्यात हे आरामात बसतं. आपोआप येत नाही असं. आपल्याकडे प्रॅक्टिस संपल्यावर एकाच पोराला सलग पन्नास मारायला लावतात. मॅचमध्ये सलग पन्नास कोण देतो? मिळतात दोन, तेही धाप लागलेली असताना. म्हणून कोर्टाच्या दोन लांब चकरा, लगेच दोन फ्री थ्रो, परत चकरा. बारा पोरं, दोन रिंग आणि दोन बॉल असले तरी वीस मिनिटांत प्रत्येकाचे दहा-बारा होतात.

टाइम-आउटची गंमत तर विचारूच नका. हरणारा कोच बॉल खेळात असताना रेफरीच्या नावाने ओरडत होता. अहो, टाइम-आउट टेबलाकडे येऊन मागायचा, हाताने टीची खूण करायची, आणि तो मिळतो बॉल डेड होऊन, म्हणजे खेळ थांबून, घड्याळ थांबल्यावर, नाहीतर समोरच्याने बास्केट केल्यावर. दुसऱ्या हाफला तीन असतात, शेवटच्या दोन मिनिटांत त्यातले दोनच वापरता येतात. मॅच संपली तेव्हा शीटवर त्याचे दोन चौकोन कोरे होते, म्हणजे दोन टाइम-आउट घेतलेच नव्हते.

बाहेर आल्यावर हरलेल्या संघाच्या संस्थेचे एक पदाधिकारी म्हणाले, रेफरीने हरवलं. या गृहस्थांशी माझा वाद जुना आहे. त्यांचं म्हणणं, उंच पोरं आणा, कोचवर कशाला खर्च, पीटीचे सर आहेतच की, त्यांना नियम येतात. नियम? ज्यांनी 1891 मध्ये हा खेळच शोधला, त्या जेम्स नेस्मिथ यांचा कान्सास विद्यापीठाचे कोच म्हणून हिशेब 55 विजय आणि 60 पराभव असा आहे. नियम त्यांच्याहून जास्त कुणाला येत होते?

आणि पोरं तीच ठेवून कोच बदलला तर काय होतं, तेही दिसलेलं आहे. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाने 2013-14 मध्ये 51 मॅच जिंकल्या. कोच म्हणून स्टीव्ह कर आले, करी, थॉम्पसन, ग्रीन हे मुख्य खेळाडू तेच राहिले, आणि पुढच्या मोसमात 67 विजय, वर विजेतेपद. आधी एनबीएमध्ये सगळ्यांत कमी पास करणारा संघ होता तो. कर यांनी बॉल फिरवायला लावला आणि इग्वोडालासारख्या मुरलेल्या खेळाडूला सुरुवातीला बेंचवर ठेवून नंतर उतरवायची हिंमत केली.

हां, एक कबूल करतो. एनबीएतल्याच सॅन अँटोनियो संघाचे कोच म्हणून ग्रेग पोपोविच यांचा पहिला मोसम 17 विजय, 47 पराभव. मग 1997 ला उंचपुरा टिम डंकन संघात आला आणि 1999 ला विजेतेपद. मोसमभरात पोपोविच काही वेगळेच झाले नव्हते. म्हणजे उंच पोरं आणा हे त्या गृहस्थांचं निम्मं बरोबर आहे, पण हे त्यांना सांगू नका.

तुमच्या शाळेचा कोच तपासायचा असेल तर गेल्या पाच मॅचच्या शीट मागून घ्या. कोणाचे फाउल कोणत्या क्वार्टरला पडले, फ्री थ्रो किती मिळाले आणि किती गेले, टाइम-आउटचे किती चौकोन कोरे राहिले, एवढंच बघा. फक्त आधी त्याला बॉल किती दिलेत ते विचारा. सिमेंटच्या कोर्टवर घासून गुळगुळीत झालेला एकच बॉल आणि लोंबकळून वाकवलेली रिंग असेल, तर फ्री थ्रोचा रकाना त्याच्या नावावर टाकू नका.