‘सती गेली’ असं लिहावं का?

प्रश्न असा आला आहे: राजस्थानातल्या देवराला गावात १९८७ मध्ये नवऱ्याच्या चितेवर जळून मेलेल्या रूप कंवरवर लिहिताना ‘ती सती गेली’ म्हणावं की ‘सती झाली’? आणि सती हे बाईला म्हणायचं, की त्या चालीला?

दुसरा प्रश्न आधी घेतो. संस्कृतात सती म्हणजे बाईच. ‘अस्’ या धातूपासून सत्, त्याचं स्त्रीलिंगी रूप सती; खरी, चांगली, आणि पुढे पतिव्रता. चितेवर चढण्याच्या कृतीला शब्द निराळे: सहगमन, सहमरण, अन्वारोहण, नवरा परगावी मेला आणि बायको मागाहून गेली तर अनुमरण. ‘सहगमन केले’ हे आपल्या बखरींतही भेटतं. जुना अर्थ मराठीत अजून टिकून आहे. ‘सतीच्या घरी बत्ती, शिंदळीच्या दारी हत्ती’ या म्हणीतल्या सतीचा चितेशी काही संबंध नाही. सती सावित्रीनं तर नवऱ्याला मरणाच्या दारातून परत आणलं. दक्षकन्या सतीनं देह टाकला तो बापाच्या यज्ञात, नवरा जिवंत असताना. उलट पांडूच्या चितेवर गेली माद्री, पण ‘सती माद्री’ म्हणायची आपल्याकडे रीत नाही. हे मला फार बोलकं वाटतं.

आता क्रियापद. ‘सती झाली’ ही हिंदीची सावली. ‘सती होना’ तिकडचं. मराठीत सती ‘जातात’. थोरल्या माधवरावांच्या मागे १७७२ मध्ये थेऊरला रमाबाई सती गेल्या, असंच आपण म्हणत आलो. व्याकरण म्हणून ‘सती गेली’ बरोबरच आहे.

माझी अडचण वेगळी आहे. शेजारी ‘बळी’ ठेवून पाहा. बळी जाणे, बळी देणे, बळी घेणे. बळी ‘गेला’ म्हटलं तरी कुणीतरी तो दिला किंवा घेतला, हे विचारायला भाषेत जागा आहे. ‘सती’ला मात्र एकच क्रियापद, जाणे. ‘सती देणे’, ‘सती घेणे’ मराठीत रूढ नाही. त्यामुळे वाक्यात कर्ती एकटी तीच उरते. ढोल वाजवणारे, लाकडं रचणारे, न अडवणारे, कुणालाच वाक्यात जागा नाही. राजस्थानात ‘सत चढला’ म्हणतात. म्हणजे अंगात आलेलं सतच तिला चितेकडे घेऊन गेलं. तिथेही माणसं सुटली.

देवरालात काय घडलं? सीकर जिल्ह्यातलं हे गाव. ४ सप्टेंबर १९८७ रोजी रूप कंवर ही १८ वर्षांची, नुकतीच लग्न झालेली मुलगी नवऱ्याच्या चितेवर जळून मेली. १६ तारखेला तिथे चुनरीचा, म्हणजे चितेच्या जागी ओढणी वाहण्याचा, सोहळा झाला, त्याला प्रचंड गर्दी लोटली. ती स्वखुशीनं गेली की तिला बसवलं, यावर देशभर वाद पेटला. खुनाच्या खटल्यातले आरोपी १९९६ मध्ये निर्दोष सुटले.

पण त्या वादात संसदेनं शब्दाची व्याख्याच बदलली, आणि शब्दप्रेमींनी ती वाचायलाच हवी. १८२९ मध्ये गव्हर्नर-जनरल बेंटिंकनं बंगालात बंदी आणली होतीच. १९८७ च्या सती प्रतिबंधक कायद्यानं ‘सती’ म्हणजे विधवेला किंवा कोणत्याही स्त्रीला नवऱ्याच्या वा नातेवाइकाच्या मृतदेहासोबत जिवंत जाळण्याची वा पुरण्याची कृती, असं ठरवलं. ते स्वेच्छेनं झालं असा दावा असो वा नसो, फरक पडत नाही. म्हणजे कायद्याच्या भाषेत सती ही बाई नव्हे, बाईच्या बाबतीत केलं गेलेलं कृत्य. जे क्रियापद बोलीनं दिलं नाही, ते कायद्यानं दिलं. देऊळ बांधणं, सोहळा करणं, म्हणजे सतीचं उदात्तीकरण, हाही त्यात गुन्हा ठरला.

म्हणून रमाबाईंबद्दल लिहिताना त्या काळाचा शब्द म्हणून ‘सती गेल्या’ राहू द्या. देवरालाबद्दल मी ‘सतीच्या नावाखाली चितेवर जळून मृत्यू’ असं लिहीन. लांबट आहे, कबूल, पण त्यात ‘नावाखाली’ हा शब्द बाकीच्यांना वाक्यात आणतो. ‘सती माता’ तर अवतरणचिन्हांशिवाय कधीच नको.

गावाचं नाव हिंदीत ‘दिवराला’ असंही लिहितात. मराठीत देवराला रुळलं आहे, तेच ठेवा. ‘सतीचं गाव’ हे विशेषण मात्र लेखातून काढा. त्या दिवसानंतर तिथे जन्मलेली मुलं आता चाळिशीला टेकली आहेत.