माळ्याच्या झाकणावर थर्माकोल चिकटवला की पुरतं का? किती जाडीचा घ्यावा?

नाही पुरत. जाडीचं नंतर बघा, आधी फट बंद करा. नेमक्या याच मुद्द्यावर थोरल्या भावाशी माझा वाद झालेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे वरच्या पॅसेजच्या छतात माळ्यावर जायचं प्लायचं झाकण आहे. थंडीत हीटर कितीही चालवला तरी घर ऊब धरत नसे. दादाने झाकणाच्या वरच्या अंगाला जाड थर्माकोल चिकटवला आणि विषय संपला म्हणून सांगितलं. झाकण हाताला पूर्वीइतकं गार लागेना, तेवढं श्रेय त्याचं. पण हीटर तितकाच चालत राहिला आणि झाकणाच्या बरोबर वर, छपराच्या लाकडावर काळे बुरशीचे डाग उठले. दादाचं निदान ठरलेलं: छप्पर गळतंय. माणूस बोलावून छप्पर तपासलं, गळती कुठेच नव्हती. पाऊसच नाही तर गळेल काय, हे मी आधीपासून सांगत होतो! घरातली गरम हवा वर चढते, आंघोळीची-स्वयंपाकाची वाफ सोबत नेते आणि गार लाकडाला लागली की तिचं पाणी होतं. शेवटी पंखे बंद करून मी पेटती उदबत्ती झाकणाच्या कडेने फिरवली. चारही बाजूंनी धूर फटीत ओढला गेला.

60 बाय 75 सेंटिमीटरच्या झाकणाचा घेर 270 सेंटिमीटर. भोवती 3 मिलिमीटर फट धरली तर 81 चौरस सेंटिमीटर होतात, म्हणजे छताला तळहाताएवढं भोक. त्यावर थर्माकोल कितीही जाड लावा, हवा बाजूने जातेच.

झाकण ज्या पट्टीवर टेकतं तिच्यावर सलग रबरी गॅस्केट लावा, कोपऱ्यांतसुद्धा. स्वस्त फोम टेप दबून चपटी होते, ती घेऊ नका. झाकण नुसतं ठेवलेलं असेल तर गॅस्केट दाबलं जात नाही, म्हणून समोरासमोर दोन ओढून बसणाऱ्या कड्या हव्यातच. चौकट आणि छत यांच्यामधली फट सीलंटने भरा, ती सगळे विसरतात.

आता जाडी. 5 सेंटिमीटर थर्माकोल उष्णता साधारण 18 सेंटिमीटर लाकडाइतकी अडवतो, त्यामुळे तेवढ्याने सुरुवात करायला हरकत नाही. माळ्यावर बाकी इन्सुलेशन याहून जाड असेल तर झाकणावरही तितकंच करा. घडीची शिडी असेल तर वरून थर्माकोलची पेटी बसवावी लागते, तिच्याही कडेला गॅस्केट हवंच.

तीन गोष्टी राहिल्या. सॉल्व्हंटवाला गोंद थर्माकोल विरघळवतो, फोमसाठीचाच घ्या. आणि थर्माकोल पेट घेतो, दिव्यांपासून लांब ठेवा. घरात गॅस गीझर किंवा जळणावरचा हीटर असेल तर त्याच्या हवेची आणि धुराची वेगळी सोय असल्याशिवाय काहीही सील करू नका, कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. खरं तर हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

दादा आजही फरक थर्माकोलने पडला म्हणतो. थर्माकोल असताना डाग उठले, आणि गॅस्केट व कड्या बसवल्यावर खरवडून साफ केलेल्या लाकडावर ते परत आले नाहीत. यावर त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.