ग्राफाइट शाफ्ट काढायला जॅक कशाला? दोन बोल्ट पुरतात

गोल्फच्या ड्रायव्हरचा (लांब फटक्याच्या काठीचा) ग्राफाइट शाफ्ट, म्हणजे दांडा, धड काढून दुसऱ्या हेडला लावायचाय आणि त्यासाठी गाडीतला दोन टनी बॉटल जॅक वापरून पुलर, म्हणजे ओढून काढायचं साधन, करावा का, असं तुम्ही विचारलंय. करता येतो. मी केला होता, आणि त्यावर एक चांगला शाफ्ट घालवलाही.

आधी एक गोष्ट बघा. हेडच्या तळाशी, टाचेकडे, म्हणजे शाफ्ट बसतो त्या बाजूला, स्क्रू दिसतोय का? २००९च्या आसपासपासून ड्रायव्हरमध्ये स्क्रूने सुटणारी अॅल्युमिनियमची स्लीव्ह यायला लागली. तसं असेल तर हेड पान्यानेच सुटेल, फक्त स्लीव्ह शाफ्टवरून उतरवायची राहील. काम निम्म्याने कमी.

स्क्रू नसेल तर शाफ्ट होझलमध्ये, म्हणजे हेडच्या ज्या नळीत तो बसतो तिच्यात, इपॉक्सीने चिकटवलेला आहे. हे आपल्या घरातल्या अॅराल्डाइटचंच भावंड. साधारण १०० ते १२० अंशांच्या पुढे त्याची पकड ढिली पडू लागते. गंमत अशी, की ग्राफाइटचे तंतू ज्या रेझिनने एकत्र धरलेले असतात तेही बहुधा इपॉक्सीच्याच घराण्यातलं. म्हणजे सांधा सुटायच्या आणि शाफ्टचं टोक सैल पडायच्या मध्ये जागा फार थोडी. जॅकचं दुखणं इथेच आहे. हँडल मारताना आत काय चाललंय ते हाताला कळत नाही. सांधा पुरेसा तापला नसला तरी जॅक ओढतच राहतो आणि मग क्लॅम्पमध्ये शाफ्ट घसरून वरचा थर सोलवटतो. माझा असाच गेला. त्याआधीचा एक मी पिळून काढायला गेलो होतो, त्याचे तंतू उसासारखे उभे चिरले. स्टीलला पिळलेलं चालतं, ग्राफाइट सरळच निघायला हवा.

आता माझ्याकडे जे आहे ते फॅब्रिकेशनवाल्याकडच्या तुकड्यांतून बनलंय. १० मिमी जाडीची, तळहाताएवढी लोखंडी पट्टी. तिला एका कडेकडून मध्यापर्यंत ११ मिमी रुंद खाच. भोक पाडू नका, कारण शाफ्ट ग्रिपकडे जाड होत जातो. पट्टी बाजूनेच सरकवता आली पाहिजे. खाचेच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून मागे एम १२चे नट वेल्ड केले, त्यांत लांब, पूर्ण आट्यांचे बोल्ट. पट्टी होझलच्या तोंडाला टेकते आणि बोल्टची टोकं शाफ्ट धरलेल्या व्हाइसकडे ढकलतात. एम १२च्या आट्याला एका फेऱ्यात पावणेदोन मिमी सरक मिळते. १९च्या पान्याने अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे, असं आलटून पालटून. एकच बोल्ट आवळलात तर पट्टी तिरकी होते आणि टोक होझलच्या कडेवर चिरडतं.

खरी करामत स्प्रिंगांची. बोल्टची टोकं थेट व्हाइसवर न टेकवता मध्ये एक पट्टी आणि मोटरसायकलच्या इंजिनातल्या दोन जुन्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा ठेवल्या. आधी स्प्रिंगा दाबून ताण द्यायचा आणि पाना खाली ठेवायचा. मग तापवायचं. इपॉक्सी सुटली की टक् आवाज होऊन हेड आपोआप चार-पाच मिमी पुढे सरकतं. उष्णता जास्त होण्याआधी तेच सांगतं, हे मला फार आवडतं.

व्हाइसमध्ये शाफ्ट धरायला सागाचा ठोकळा. व्हर्नियरने माप घेऊन त्या जाडीचं भोक पाडा आणि ठोकळा भोकातून उभा चिरा. करवतीच्या पात्याएवढी फट पडते, ती आवळायला उपयोगी. आत थोडी राळेची पूड टाकली की पकड बसते. रबराचा तुकडा एकटा पुरत नाही, घसरतो.

फेरूल म्हणजे ते काळं प्लॅस्टिकचं कडं आधीच कापून काढा, नाहीतर पट्टी होझलऐवजी त्यावर टेकेल. तापवायला हीट गनच. गॅस टॉर्च स्टीलच्या शाफ्टसाठी ठेवा. होझलभोवती हवा फिरती ठेवायची, एका जागी नाही. हेडच्या वरच्या भागावर ओलं फडकं गुंडाळा. रंग तर जातोच, पण कार्बनचा क्राउन (हेडचं वरचं कवच) असेल तर तोही चिकटवलेलाच असतो. अधूनमधून होझलवर ओल्या बोटाने थेंब उडवा. चर्र करून उडाला की शंभरी गाठली. शाफ्टमधून धूर दिसला तर थांबा, ते टोक गेलं समजा. खिडकी उघडी हवी. आणि हेडच्या रेषेत समोर उभं राहू नका.

जुनी आयर्न, म्हणजे धातूच्या चपट्या हेडची गोल्फची काठी, कधी हाती आली तर तापवण्याआधी होझल घासून आडवी पिन आहे का ते पाहा. असली तर ती आधी पंचने बाहेर. नाहीतर पुलर कितीही चांगला असला तरी काही हलणार नाही.

शाफ्ट निघाला की त्याच्या टोकावरची इपॉक्सी पात्याने हलकेच खरवडा, पॉलिश पेपरने तंतू कापू नका. मास्क लावा, ती काळी धूळ त्वचेलाही टोचते. मग टोक मोजा: ड्रायव्हरला सहसा ८.५ मिमी (०.३३५ इंच) किंवा ८.९ मिमी (०.३५०) सापडतं. दुसऱ्या हेडचं भोकही मोजा. ८.९चा शाफ्ट ८.५च्या भोकात जाणार नाही, आणि टोक घासून बारीक करायचा मोह झाला तर तो शाफ्ट मलाच देऊन टाका.