'लॉबिंग'साठी मराठीत कोणता शब्द?

प्रश्न असा आहे : डॉक्टरांच्या एका जिल्हा संघटनेच्या इंग्रजी अहवालाचे मराठी करताना 'आरोग्य धोरणाबाबत शासनाकडे लॉबिंग केले' या आशयाचे वाक्य वारंवार येते. तेथे 'मोर्चेबांधणी' हा शब्द चालेल का, आणि चालत नसेल तर नेमका कोणता वापरावा?

'मोर्चेबांधणी' वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोर्चा हा शब्द फारसीतून आला. किल्ल्याला वेढा घालताना तोफा लावण्यासाठी केलेली आडोशाची जागा हा त्याचा जुना अर्थ असून, मिरवत जाणारा निषेधाचा मोर्चा हा अर्थ नंतरचा आहे. वृत्तपत्रांत 'मंत्रिपदासाठी मोर्चेबांधणी' असे आपण वाचतो तेव्हा प्रतिस्पर्ध्यांवर मात करण्याची पूर्वतयारी अभिप्रेत असते. संघटना सरकारकडे जाते ती आपले म्हणणे पटवून देण्यासाठी. तो प्रत्यक्ष संवाद आहे, वेढ्याची तयारी नव्हे.

शब्द शोधण्याआधी कृती पाहिली पाहिजे. १९२८ साली कलकत्त्यात स्थापन झालेल्या इंडियन मेडिकल असोसिएशनचे एक प्रकरण यासाठी उपयोगी पडेल. डिसेंबर २०१७ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोग विधेयक लोकसभेत मांडले गेले. आयुर्वेद, होमिओपॅथी यांसारख्या 'आयुष' शाखांच्या चिकित्सकांना ब्रिज कोर्स, म्हणजे एक पूरक अभ्यासक्रम, करून मर्यादित प्रमाणात आधुनिक औषधे देता यावीत, अशी तरतूद त्यात होती. संघटनेने तिला विरोध केला आणि २ जानेवारी २०१८ रोजी देशभर बाह्यरुग्ण सेवा बंद ठेवण्याचे आवाहन केले. त्याच दिवशी विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेले, आणि मार्चमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ब्रिज कोर्सची तरतूद वगळण्यास मान्यता दिली. पुढे २०१९ मध्ये नव्याने आणलेले विधेयक मंजूर झाले, तेव्हा त्यातील ३२व्या कलमात सामुदायिक आरोग्य सेवकांना औषधोपचाराचा मर्यादित परवाना देण्याची सोय आली आणि संघटना पुन्हा रस्त्यावर उतरली. असे एखादे प्रकरण इंग्रजी वार्तांकनात 'लॉबिंग' या एका शब्दात उरकते. मराठीत मात्र निवेदन देणे, शिष्टमंडळाने भेटणे, समितीपुढे बाजू मांडणे, बंद पुकारून दबाव आणणे या प्रत्येक पायरीला स्वतंत्र नाव आहे. भाषेची ही संपत्ती एका शब्दाच्या हट्टापायी गमावू नये, असे मला मनापासून वाटते.

जुन्या शब्दांपैकी 'रदबदली' हा सर्वांत जवळचा, आणि म्हणूनच जपून वापरण्याचा. अरबी 'रद्द' आणि 'बदल' हे त्याचे दोन घटक मराठीत सुटेही नांदतात. विशेष म्हणजे संघटनांची मागणी बहुधा एखादे कलम रद्द करण्याची किंवा बदलण्याचीच असते. तथापि मराठीत या शब्दाचा अर्थ दुसऱ्यासाठी केलेली मध्यस्थी असा स्थिरावला आहे. रदबदलीला तिसरा माणूस लागतो. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ मध्ये म्हटल्याप्रमाणे सरकारचा आरोग्यावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) अडीच टक्क्यांपर्यंत न्यावा, असे संघटना रुग्णांच्या वतीने सांगत असेल, तर तिने रुग्णांसाठी रदबदली केली हे शुद्ध मराठी आहे. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा मागताना मात्र ती स्वतःचेच गाऱ्हाणे मांडत असते. तेथे रदबदली म्हटले, तर शब्द चुकतो आणि कोणाच्या हिताची गोष्ट चालली आहे हेही झाकले जाते.

'वशिला' तर बाजूलाच ठेवावा. मूळ अरबीत त्याचा अर्थ केवळ साधन किंवा माध्यम असला, तरी आज त्याला गैरमार्गाचा वास आहे. 'साकडे घालणे' हे संस्कृत 'संकट'पासून आलेले असून देवाला आर्त विनवणी करण्याचा भाव त्यात आहे. 'संघटनेचे आरोग्यमंत्र्यांना साकडे' हा मथळा म्हणून शोभेल. नागरिकांनी आपल्या प्रतिनिधीशी केलेल्या व्यवहाराला अहवालात हा सूर नको.

स्वयंसेवी संस्थांच्या वर्तुळात 'ॲडव्होकसी'साठी 'जनवकिली' रूढ झाला आहे. तो घडवणाऱ्यांना कल्पना असो वा नसो, त्यामागे भक्कम परंपरा आहे. अठराव्या शतकातील मराठीत वकील म्हणजे दुसऱ्या दरबारी आपल्या धन्याची बाजू मांडणारा प्रतिनिधी. दिल्लीतले हिंगणे हे पेशव्यांचे वकील होते, आणि परदेशी दूतावासाला आपण आजही वकिलात म्हणतो. लसीकरण किंवा तंबाखूबंदी यांसारख्या लोकहिताच्या प्रश्नावर संघटना बोलत असेल, तर जनवकिली योग्यच आहे. स्वतःच्या सेवाशर्तींसाठी बोलत असेल, तर त्यातला 'जन' खोटा पडतो.

आपल्या अहवालासाठी माझी पसंती 'पाठपुरावा' या शब्दाला आहे. पाठ पुरवणे म्हणजे मागे लागून न सोडणे. धोरणाच्या कामातला खरा वेळ या चिकाटीतच जातो. महाराष्ट्राने वैद्यकीय सेवेतील व्यक्ती व संस्थांवरील हिंसाचाराविरुद्ध २०१० मध्ये कायदा केला. एप्रिल २०२० मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनने अशाच हल्ल्यांच्या निषेधार्थ काळा दिवस पाळण्याचे जाहीर केल्यावर केंद्रीय गृहमंत्र्यांनी चर्चा केली, निषेध मागे घेतला गेला आणि २२ एप्रिललाच साथरोग कायद्यात दुरुस्ती करणारा अध्यादेश निघाला. त्याची व्याप्ती साथीपुरतीच असल्याने स्वतंत्र केंद्रीय कायद्याची मागणी त्यानंतरही चालूच राहिली. याला मराठीत पाठपुरावा म्हणतात. एक पथ्य मात्र पाळावे : पाठ पुरवायची तर आधी काहीतरी पुढे गेलेले असावे लागते. पहिल्याच भेटीला पाठपुरावा म्हणता येत नाही. त्या दिवशी दिले ते निवेदन.

'लॉबिंग' हा शब्द तसाच ठेवण्याची एक जागा उरते. अमेरिकेत १९९५च्या कायद्यानुसार अशा कामाची नोंदणी करून खर्च जाहीर करावा लागतो, आणि तेथील अमेरिकन मेडिकल असोसिएशनबद्दल लिहिताना लॉबिंग ही कायद्यातील संज्ञा असते. भारतात तसा कायदा नाही. त्यामुळे आपल्याकडे हा शब्द कोणतीही निश्चित माहिती देत नाही, उलट 'साखर लॉबी'सारख्या प्रयोगांमुळे त्याभोवती संशय तेवढा गोळा झाला आहे.

तेव्हा अहवालातले वाक्य असे करता येईल : 'संघटनेने आरोग्यमंत्र्यांना निवेदन दिले, समितीपुढे आपली बाजू मांडली आणि वर्षभर शासनाकडे पाठपुरावा केला.' यांपैकी जे प्रत्यक्षात केले नसेल, ते वाक्यातून वगळावे.