लांडग्याचे रक्त असलेला कुत्रा : पाळता येतो का, विकता येतो का?

प्रश्न : मी कुपवाड येथे राहतो. श्वान शर्यतींच्या निमित्ताने ओळख झालेल्या एका विक्रेत्याने मला सुमारे ४० दिवसांचे पिल्लू दाखवले. त्याचा आजा लांडगा होता असे तो सांगतो आणि ४५ हजार रुपये मागतो. कागदपत्रांविषयी विचारले असता, ‘सरकारने २०२४ मध्ये बंदी घातली होती, ती कोर्टाने उठवली, आता काही अडचण नाही,’ असे उत्तर मिळाले. हे खरे आहे का?

उत्तर : विक्रेत्याचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि आपल्याला अडचणीत आणेल तो भाग त्याने सांगितलेला नाही. केंद्राच्या पशुपालन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री थांबवावी, त्यासाठी परवाने देऊ नयेत आणि आधीपासून पाळलेल्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण करून घ्यावे असे कळवले होते. त्या यादीत पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो यांच्या रांगेत ‘वुल्फ डॉग’ असाही मोघम उल्लेख होता. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचे म्हणणे न ऐकता हे पत्रक काढले गेले, या कारणाने कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिल २०२४ मध्ये रद्द केले, आणि त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकले नाही. येथवर विक्रेता बरोबर आहे. मात्र न्यायालयांसमोर प्रश्न होता तो पत्रक काढण्याच्या पद्धतीचा. लांडगा पाळावा की नाही, हा प्रश्न तेथे नव्हताच.

तो प्रश्न वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात पूर्वीच सुटलेला आहे. भारतीय लांडगा या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-बिबट्याच्या पंक्तीत आहे. कलम ९ प्रमाणे त्याची शिकार करता येत नाही, आणि कायद्याच्या भाषेत शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे; पकडणे, सापळा लावणे, आमिष दाखवणे आणि तसा प्रयत्न करणे हेही तिच्यातच मोडते. कलम ४०(२) प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीवाचून असा बंदिस्त प्राणी कोणालाही मिळवता, ताब्यात ठेवता किंवा विकता येत नाही. कायदा मोडून पकडलेला, बंदिवासात ठेवलेला अथवा तेथे जन्मास घातलेला वन्यप्राणी कलम ३९ प्रमाणे शासनाची मालमत्ता ठरतो. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्यास किमान ३ व कमाल ७ वर्षे कारावास आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंडाची किमान रक्कम २५ हजार रुपये झाली आहे.

आता आपल्या पिल्लाकडे वळू. अनुसूचीत लांडग्याचे नाव आहे, लांडगा-कुत्रा संकराचे वेगळे नाव नाही, आणि नेमक्या याच फटीत विक्रेते बोट घालतात. परंतु आजा लांडगा होता हे म्हणणे खरे मानले, तर तो कोठून आला याचे उत्तर द्यावेच लागते. तो माणदेशातल्या माळावरून पकडलेला असेल, तर मुळातच गुन्हा घडलेला आहे, आणि त्या गुन्ह्यातून निघालेली संतती ४५ हजारांना विकत घेऊन मी निर्दोष आहे असे सांगणे कठीण आहे. कलम ५७ मुळे बंदिस्त वन्यप्राण्याचा ताबा बेकायदेशीर नव्हता हे सिद्ध करण्याचा भार ताबा असणाऱ्यावर येतो, हे विसरू नये. तो आजा परदेशी होता असे सांगितले गेले, तर वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा साइट्स करार लागू होतो. भारत १९७६ पासून त्याचा सदस्य आहे. मागील चार पिढ्यांत यादीतील वन्यप्राणी असलेला संकर हा मूळ प्राण्याप्रमाणेच धरावा, असा या करारातील ठराव आहे. म्हणजे आजा लांडगा असलेले पिल्लू तेथेही सुटत नाही. परदेशातून आले म्हणणाऱ्याकडे आयातीची कागदपत्रे असलीच पाहिजेत.

वाचक कधी कधी ‘परदेशात तर सर्रास पाळतात’ असे लिहितात. ब्रिटनमध्ये १९७६ च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्याखाली पहिल्या व दुसऱ्या पिढीच्या संकरास स्थानिक प्रशासनाचा परवाना लागतो, तिसऱ्या पिढीपासून तो कुत्रा धरला जातो. नॉर्वेत चेकोस्लोव्हाकियन वुल्फडॉगलाच बंदी आहे, वास्तविक ती जात १९५५ मध्ये कार्पेथियन लांडगा व जर्मन शेफर्ड यांच्यापासून पैदास सुरू करून कित्येक पिढ्यांत स्थिर केलेली आहे. तेव्हा सर्रास हा शब्द जरा सैलच आहे.

माझा व्यक्तिगत अंदाज विचाराल, तर आपल्याला दाखवलेले पिल्लू हस्की आणि जर्मन शेफर्ड यांच्या संकराचे असण्याचीच शक्यता अधिक वाटते. करडे अंग, फिकट डोळे आणि उभे कान एवढ्यावर लांडगा सिद्ध होत नाही. पण तसे असेल तर विक्रेता आपल्याला फसवत आहे, आणि तसे नसेल तर तो आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची सोय करत आहे. दोन्हीपैकी कोणत्याही बाजूने हा सौदा बरा दिसत नाही. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. ४० दिवसांचे पिल्लू आपल्यासमोर ठेवणाऱ्याकडे हे नोंदणीपत्र आहे का, हे आधी विचारावे.

पिल्लू चावले तर काय, हेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. रेबीजच्या उपचारात वन्यप्राण्याचा चावा थेट तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीचा धरतात, म्हणजे जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) घ्यावे लागते. लांडग्याचे रक्त आहे म्हणून कौतुकाने सांगणाऱ्याला डॉक्टरांसमोरही तेच सांगावे लागेल.

प्रश्न : माण तालुक्यात आमची मेंढरे आहेत. तळावरची कुत्री माळावर लांडग्याबरोबर फिरताना आमच्या पोरांनी पाहिली होती. आता तिला पाच पिल्ले झाली आहेत व त्यातली दोन वेगळी दिसतात. आमच्यावर गुन्हा होईल का?

उत्तर : मोकळ्या माळावर, आपला हात नसताना घडलेल्या संकरासाठी आपल्याला शिक्षा होण्याचे कारण दिसत नाही. आपण कोणताही वन्यप्राणी पकडलेला नाही की बांधून ठेवलेला नाही. कुत्रा आणि लांडगा यांची गुणसूत्रे सारखीच, ७८ असतात, त्यांची संतती प्रजननक्षम असते आणि दोघांचा गर्भकाळही जवळपास ६३ दिवसांचा असतो, त्यामुळे ही घटना अशक्य नाही. पुणे जिल्ह्यात दिसलेल्या पिवळसर रंगाच्या एका प्राण्याच्या जनुकीय तपासणीतून तो लांडगा-कुत्रा संकर असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले गेले आहे.

परंतु हा प्रकार हेतुपुरस्सर घडवला, तर गोष्ट बदलते. काही मंडळी माजावर आलेली कुत्री लांडग्याच्या वाटेवर मुद्दाम बांधतात अशी कुजबुज या भागात अधूनमधून ऐकू येते. शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणे येते, हे वर लिहिलेच आहे; माझ्या मते बांधलेली कुत्री ही आमिषच ठरते, मग लांडग्याला खरचटले नसले तरी. ‘आम्ही त्याला काही केले नाही’ हा बचाव तेथे अपुरा पडेल.

आपल्या पिल्लांसंबंधी मी असे सुचवेन की, ती लांडग्याची म्हणून कोणालाही विकू वा देऊ नयेत. वनरक्षकाला कळवून ठेवावे आणि पशुवैद्यकाकडून पिल्लांना व कुत्रीला रेबीज तसेच डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाची लस टोचून घ्यावी. वयात आल्यावर पिल्लांचे निर्बीजीकरणही करून घ्यावे. देशात लांडग्यांची संख्या साधारण तीन हजारांच्या आसपास असावी असा अंदाज आहे; एवढ्या थोड्या संख्येत कुत्र्याचे रक्त मिसळत गेले, तर माणदेशाच्या माळावर दिसणारा प्राणी नावापुरताच लांडगा राहील. कुत्र्यांकडून येणारे रोग हा त्याहून जवळचा धोका आहे. मेंढरू लांडग्याने मारल्यास वनविभागाकडून नुकसानभरपाई मिळते. तळावर लांडगा आलाच, तर पंचनाम्यासाठी वेळेत खबर द्यावी. विषाच्या गोळ्या ठेवणे हा पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीचा गुन्हा आहे.

प्रश्न : जत तालुक्यात ओढ्याच्या घळीत सापडलेली लांडग्याची तीन पिल्ले गावातील मुलांनी घरी आणली आहेत. कुत्र्यांबरोबर वाढवली तर चालतील का?

उत्तर : चालणार नाहीत. घळीतून पिल्लू उचलणे म्हणजेच पकडणे, आणि शासनाची मालमत्ता ताब्यात आल्यास ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत वनाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. मुलांना रागावण्यात वेळ घालवू नये. पिल्लांना दूध पाजू नये, कुत्र्यांपासून दूर ठेवावे, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर आजच फोन करून घळ नेमकी कोठे आहे ते सांगावे, म्हणजे त्यांची आई शोधत असेल त्याच जागी वनकर्मचारी पिल्ले पोहोचवू शकतील.